भीमपूरकडची सुपं

"आदिलाबादला? तिथं काय आहे?" हा प्रश्न मिरजेत मला इतक्या जणांनी विचारला, की शेवटी शेवटी मी "माझं सासर आहे" असं सांगायला लागले. खरं कारण सांगितलं असतं तर लोकांनी खुर्ची ओढून आणखी चार प्रश्न विचारले असते. सरकारच्या पैशावर चाललेल्या एका संशोधनासाठी मी निघाले होते आणि संशोधनाचा विषय होता, जमाव एखाद्या माणसाला मारायला उठतो तेव्हा त्याला थांबवायचं कसं.

यात डॉक्टरीणबाईंचं काय काम, असं तुम्हालाही वाटत असेल. माझा जन्म साथीच्या मागं धावण्यात गेला. पटकी कुठून आली, कोणत्या विहिरीतून पसरली, कोणत्या गल्लीत येऊन थांबली, हे शोधायचं आणि तरुण पोरापोरींना शिकवायचं, एवढंच मी नोकरीभर केलं. 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' ही अफवासुद्धा साथीसारखीच हिंडते. एका फोनवरून दुसऱ्या फोनवर, एका गावातून दुसऱ्या गावात. आणि कुठं तरी एखादा फिरस्ता, वाट चुकलेला, भाषा न येणारा माणूस तिचा बळी होतो. सगळे अभ्यासक जिथं माणूस मेला तिथं जातात. आमच्या समितीनं उलटं ठरवलं. जिथं अफवा पोचली, लोक घाबरले, तरीही कुणाच्या अंगाला हात लागला नाही, अशा गावात जाऊन राहायचं आणि तिथं साथ का अडली ते बघायचं. सीमेवरच्या गावांत मराठी बोलतात, म्हणून मराठी बोलणारी बाई हवी होती. मी निवृत्त, गुडघे कुरकुरणारे, स्वभाव तिरसट. तरीही मला विचारलं, आणि मी लगेच हो म्हटलं.

गावाचं नाव मात्र मी सांगणार नाही. तसा शब्द दिला आहे. भीमपूरच्या बाजूला, पैनगंगेच्या अलीकडं, एवढं पुरे.

आदिलाबाद

गाडीतून उतरले तर थंडीनं दातावर दात वाजायला लागले. तेलंगण म्हणजे उकाडा, अशा समजुतीनं मी एक शाल तेवढी घेतली होती. ज्यांच्याकडं पहिला मुक्काम होता त्या काकांनी मला बघितलं आणि न विचारता स्वतःच्या डोक्यावरची माकडटोपी काढून दिली. मी ती घातली. फोटो काढू दिला नाही.

काकांचे आजोबा निजामाच्या काळात महसूल खात्यात इथं आले आणि इथलेच झाले. काका स्वतः बँकेतून निवृत्त, मुलगा हैदराबादेत. घरात बोलणं मराठी, पण ती मराठी ऐकायला मला दोन कप चहा होईपर्यंत कान सरळ करावे लागले.

"कलेक्टर कचेरीतून इजाजत घेतली काय? मंग ठीक. नाई त गिरदावर येते अन् इचारते," काका म्हणाले. गिरदावर म्हणजे आपला सर्कल इन्स्पेक्टर. निजाम जाऊन किती वर्षं झाली, पण कचेरीतले त्याचे शब्द अजून खुर्चीवर आहेत.

"तीन भाषा सांभाळता कशा तुम्ही?" मी विचारलं.

"सोपं हाये. आमी मराठीत भांडतो, हिंदीत सौदा करतो अन् तेलुगूत अर्ज लिहितो."

काकूंनी अंबाडीची चटणी वाढली. आमच्याकडं अंबाडीची भाजी म्हणजे गरिबाघरची, पाहुण्याला वाढताना जरा संकोच करायची. इथं ती मानाची. मराठी घरातही ती असते, तेलुगू घरातही असते, आणि दोन्ही घरं ती आपलीच समजतात. मी तिसऱ्यांदा मागून घेतली तेव्हा काकूंचा चेहरा खुलला.

तिथंच मला रवी भेटला. हा आमचा सर्वेक्षक. वरंगलकडचा, बासरच्या विद्यापीठात शिकलेला, काडीसारखा बारीक, जाड भिंगाचा चष्मा. तेलुगू आणि हिंदी उत्तम, मराठी शून्य. दिवसातून दोनदा त्याच्या आईचा फोन येई आणि तो काय जेवला ते पदार्थानिशी सांगे. कुत्र्यांना फार भ्यायचा. 'हिंसा रोखण्याच्या अभ्यासाला बरा सापडला आहे,' असं मी मनात म्हटलं.

भीमपूरच्या वाटेवर

सकाळी जीपनं निघालो आणि तासाभरात मी बोलायचीच बंद झाले. मला ओळखणाऱ्यांना कळेल, हे किती विरळा आहे ते.

मी उसाच्या मुलखात वाढलेली. आमच्याकडं शेत म्हणजे हिरवी भिंत. पलीकडचं काही दिसत नाही. इथं कपाशी माणसाच्या कमरेएवढी, आणि बोंडं फुटलेली. डाव्या हाताला पांढरं, उजव्या हाताला पांढरं, मधून काळ्या मातीचा रस्ता आणि वर एवढं आभाळ की मान कुठं वळवावी ते कळेना. मधूनच ज्वारीची पट्टी, कणसांवर पाखरांचा थवा, आणि दूर सागाच्या टेकड्या धुक्यात अर्ध्या बुडालेल्या. मी जीप थांबवायला लावली, खाली उतरले आणि नुसती उभी राहिले. इतकी वर्षं मी आरोग्याचे नकाशे रंगवले, त्यात हा जिल्हा कितीदा तरी रंगवला असेल. तो असा असेल असं एकदाही वाटलं नव्हतं.

"मॅडम, कुछ हुआ?" रवीनं घाबरून विचारलं.

"कुछ नहीं. देख रही हूँ," मी म्हटलं. डोळे भरून आले होते, ते थंडीवर ढकलले.

गाव

आमचा मुक्काम गिरजाबाईंकडं होता. साठी उलटलेली, उंच, खणखणीत आवाजाची बाई. कापूस वेचायला जाणाऱ्या बायकांची टोळी हिच्या शब्दावर चालते. कुणाच्या शेतात आधी जायचं, कुणाच्या मागून, हे ती ठरवते आणि शेतमालक ऐकून घेतात. तिच्या दारात एका बाजूला तुळस, दुसऱ्या बाजूला ज्वारीची रास आणि अंगणात रांगोळीची ठिपक्यांची वेल, तेलुगू पद्धतीची, पार रस्त्यापर्यंत.

तिनं थापलेली भाकरी बघून मी माझा सांगलीचा अभिमान गुंडाळून ठेवला. परातीएवढी, कागदासारखी पातळ आणि टम्म फुगलेली. बरोबर पिठलं आणि मिरचीचा ठेचा. ठेचा मी आमच्याकडच्या अंदाजानं घेतला. पुढचा बराच वेळ मी कुणाच्याच प्रश्नाला उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हते.

"पानी नका पिऊ जी, भाकर चावा," गिरजाबाई म्हणाल्या आणि पदराआड हसल्या. रवीनं तोच ठेचा दोनदा वाढून घेतला. तो वरंगलचा. त्याला काय!

दुपारी तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या. त्या सोलत सोलत मी कामाला लागले. अफवा आली होती का? आली होती. फोनवर चित्रफिती आल्या होत्या का? ढीगभर. भीती वाटली? लय वाटली. मग इथं कुणाला मारहाण कशी झाली नाही?

"नाई झाली," गिरजाबाई म्हणाल्या.

"पण का नाही झाली?"

"आमच्या गावात भांडनं होत्यात. बांधाची होत्यात, बैलाची होत्यात. मारामारी नाई होत."

"तेच विचारतेय, का होत नाही?"

"आता काऊन होत नाई थे कसं सांगू, बाई? होत नाई, बस."

हेच उत्तर मला घरोघर मिळालं. मी वैतागले. साथ कुठं अडली ते दिसत होतं, कशानं अडली ते कुणी सांगत नव्हतं. संध्याकाळी मी रवीला म्हटलं, हे लोक काहीतरी लपवतायत. तसं काही नव्हतं. एखादी गोष्ट इतकी रोजची असते की ती सांगण्यासारखी आहे हेच माणसाला वाटत नाही.

आता आमच्या सर्वेक्षणाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. पोलिओच्या मोहिमेपासून आमच्या खात्याच्या माणसांना खडूची सवय. घर झालं की दारावर खूण करायची, म्हणजे कुठलं घर राहिलं ते पुढच्याला कळतं. इथंही समितीनं तसंच ठरवलं. ज्या घरात लहान मुलं आहेत त्या दारावर गोल, ज्या घरात नाहीत तिथं फुली. आणि लोकांची भीती मोजायची म्हणून प्रश्न घातले, मुलं शाळेतून एकटी येतात का, कोणत्या वाटेनं येतात, घरी यायला किती उशीर झाला तर तुम्हाला काळजी वाटते. मोठमोठ्या शहरांतली मोठमोठी माणसं टेबलाभोवती बसली होती, त्यात मीही होते, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की परका माणूस खांद्याला पिशवी लावून घरोघर हिंडतो, लेकरांची वाट विचारतो आणि दारावर खुणा करतो, हे वर्णन कुणाचं आहे!

सुपं

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तशी मी बायकांबरोबर पैनगंगेवर गेले. पाणी उतरलेलं, मधे वाळूची बेटं, आणि पलीकडं महाराष्ट्र. तो पलीकडचा काठ आपला आणि हा परका, असं मनाला किती बजावलं तरी पटेना. दोन्हीकडं सारखीच कपाशी, सारख्याच हाका. रवी मागं राहिलेल्या गल्लीतली घरं उरकत होता.

परत आलो तर चावडीसमोर गर्दी.

आधी मला वाटलं, कुणीतरी गाणंबिणं लावलं असेल. मग जमावाचा आवाज ऐकला. तो आवाज मी चित्रफितींतून ऐकला होता. अभ्यासासाठी पुन्हा पुन्हा लावून ऐकला होता. खरा ऐकताना तो फार खालून येतो, छातीतून.

विठ्ठल नावाच्या शेतकऱ्याची मुलगी पूजा शाळेतून घरी आली नव्हती. शाळा शेजारच्या गावात. बाकीची मुलं केव्हाच आली होती. तिला शोधताना कुणाच्या तरी ध्यानात आलं, की विठ्ठलच्या दारावर खडूचा गोल आहे. मग दुसऱ्या दारावर दिसला, तिसऱ्या दारावर दिसला. कुणीतरी फोन काढून चित्रफीत दाखवली. त्यातल्या चोराच्या खांद्यालाही पिशवी होती.

रवी चावडीच्या ओट्याला पाठ लावून उभा होता. त्याचा टॅब एकाच्या हातात, पिशवी दुसऱ्याच्या. "सर्वे है, सर्वे," एवढं एकच तो म्हणत होता.

"सर्वे सांगूनच येतात हे!" मागून कुणी ओरडलं.

मी आत घुसले. ओळखपत्र उंच धरलं आणि माझ्या वर्गातल्या आवाजात सांगितलं की हे सरकारी काम आहे, आम्ही केंद्राच्या प्रकल्पातून आलो आहोत. त्यानं आगीत तेलच पडलं.

"मंग तुमी दोघं बी एकच हाये तं!" एकजण म्हणाला, आणि ज्या माणसांनी काल मला शेंगा सोलून दिल्या होत्या त्यांच्या नजरा फिरल्या. फोन काढला तर रेंज नाही.

विठ्ठल सगळ्यांत पुढं होता. तो ओरडत नव्हता. नुसता म्हणत होता, "कुठं नेली? सांग, कुठं नेली?" त्यानं रवीचा गळपट्टा धरून त्याला ओढला. चष्मा पडला आणि कुणाच्या तरी पायाखाली गेला. रवी गुडघ्यावर आला. मी खरंच सांगते, तो पोरगा आता माझ्या डोळ्यांदेखत मरणार, असं मला वाटलं. त्याच्या आईला फोन मला करावा लागणार, हेही त्याच क्षणी डोक्यात आलं.

तेवढ्यात गिरजाबाई माझ्या शेजारून गेल्या. हातात सूप, सुपात ज्वारी. त्या काही बोलल्या नाहीत. माणसांच्या मधून वाट काढत, "सरक रे, सूप हाये," एवढंच म्हणत पुढं गेल्या आणि रवीच्या पुढ्यात, त्याच्याकडं पाठ करून, मातीत बसल्या. सूप समोर ठेवलं, उचललं आणि पाखडायला लागल्या.

भुसा उडाला तो थेट विठ्ठलच्या तोंडावर. तो हात आडवा धरून एक पाऊल मागं झाला.

मग दुसरी बाई आली. मग आणखी दोघी. नदीवरून माझ्याबरोबर आलेल्या बायका घागरी टाकून घरात शिरल्या आणि सुपं घेऊन बाहेर आल्या. कुणाच्या सुपात ज्वारी, कुणाच्या सुपात तूर, एकीच्या सुपात तर नुसत्या शेंगदाण्याच्या टरफलांत चार दाणे. एकीला एक लागून बसल्या, सगळ्या बाहेर तोंड करून, रवी मधे. सुपांच्या कडेनं दाणे सांडत गेले. दाणे सांडले की पुरुष पाऊल मागं घेत. अन्नावर पाय कोण देणार? सुपाला पाय लागला तर आपल्याकडंही हात लावून नमस्कार करतात. इथं त्या एवढ्याशा समजुतीची भिंत उभी राहत होती, आणि वीस-पंचवीस बाप्ये गडी तिच्याबाहेर उभे होते. कुणी ओरडलं, "उठा व, बायायनो!" एकीनंही मान वर केली नाही.

"बस, डाक्टरीनबाई," कुणीतरी माझ्या हातात सूप दिलं. गुडघ्यांनी तक्रार केली, पण मी बसले. मला पाखडता येत नाही. सगळा भुसा माझ्याच डोळ्यांत गेला, आणि शेजारची त्याही वेळी हळूच म्हणाली, "वाऱ्याकडं पाठ करा जी."

एक फट तेवढी राहिली होती, विठ्ठलच्या अगदी समोर. तो तिथंच उभा होता, एक पाय उचललेला. त्याच्यापुढं आडवं काहीच नव्हतं.

आणि तेव्हा त्याची बायको आली, रुखमा. शेतातून शोधत शोधत आली होती, पायांना चिखल, केस सुटलेले. सगळी माणसं बाजूला झाली. कुणाला वाटलं असेल, आता हीच पुढं होईल आणि मग कुणी थांबणार नाही. मलाही तेच वाटलं. जिची पोरगी गेली तिनं हात उचलला असता, तर तिला अडवायचा हक्क त्या गावात कुणालाच नव्हता.

तिच्या हातात सूप होतं, येता येता कुणाच्या तरी दारातून उचललेलं. ती नवऱ्याच्या पायाशी, त्या फटीत, येऊन बसली आणि पाखडायला लागली.

नुसता सुपांचा आवाज. वर झटका, खाली झेल, वर झटका, खाली झेल. विठ्ठलनं उचललेला पाय हळूहळू खाली टेकवला, मागं. इतकी वर्षं मी लस, साथ, प्रतिबंध हे शब्द शिकवले. ते असे डोळ्यांसमोर मातीत बसलेले मी पहिल्यांदाच बघत होते.

"उभे काऊन हाये?" गिरजाबाई पाखडता पाखडता म्हणाल्या. "हात रिकामे हायेत त पोरीले पाहाले जा. मोटारसायकली कायले घेतल्या?"

माणसं हलली. गाड्या सुरू झाल्या, एक या वाटेनं, एक त्या वाटेनं. विठ्ठलला कुणीतरी मागं बसवून नेलं. आम्ही तशाच बसून राहिलो. मागं वळून बघितलं तर रवी खाली बसला होता. चष्म्याशिवाय त्याला काय दिसत होतं देव जाणे, पण मातीत सांडलेले दाणे तो एकेक करून वेचत होता आणि मागून हात घालून माझ्या सुपात टाकत होता. कुणी त्याला नको म्हटलं नाही.

दिवे लागले तेव्हा पूजा आली, काकाच्या गाडीवर पुढं बसून. मैत्रिणीबरोबर तिच्या शेतावरच्या आखाड्यात, म्हणजे खोपीत, गेली होती. तिथं शेंगा भाजल्या, खाल्ल्या, आणि दोघी कापसाच्या ढिगात झोपल्या. केसांत अजून कापूस होता. रुखमानं तिला बघितलं, पण तिचे हात थांबेनात. सूप रिकामं झालं होतं तरी ती पाखडतच होती. शेवटी गिरजाबाईंनी तिचं मनगट धरलं, तेव्हा ती थांबली आणि मोठ्यानं रडली.

रात्रीचं जेवण होण्याआधी पुरुषांनीच दारोदारचे गोल पुसून टाकले. कुणीतरी रवीचा चष्मा दोऱ्यानं बांधून आणून दिला. जो तो येऊन सांगून जाई, "आमाले माहीतच होतं, सारू, तुमी तसले नाई." सारू म्हणजे सर. रवी मान डोलावत होता आणि भाकरीचा तोच एक घास चघळत होता.

मी गिरजाबाईंना विचारलं, हे सुपाचं कुणी शिकवलं?

"सासूनं. तिले तिच्या सासूनं शिकवलं असंन. बांधाचं भांडन पेटलं का बसतो आमी."

"मग काल का नाही सांगितलं?"

"भांडन थोडीच होतं काल," त्या म्हणाल्या आणि चूल सारवायला घेतली.

शेत

निघायच्या दिवशी सकाळी मी रवीला घेऊन रुखमाच्या शेतावर गेले. बायकांची टोळी कापूस वेचत होती. दव होतं. कमरेला बांधलेल्या ओट्या हळूहळू फुगत होत्या. पऱ्हाटीचं सुकलेलं बोंड बोटांना फार ओरबाडतं, ते मी दोन बोंडं वेचली तेव्हा कळलं. रवी बांधावर उभा राहिला. काल सगळ्यांशी बोलला, पण हिच्यासमोर जायला त्याला धीर होत नव्हता.

मला तिला एकच गोष्ट विचारायची होती. आमच्या प्रस्तावात 'विश्वास' हा शब्द ओळीआड आहे. माणसांचा माणसांवर विश्वास असेल तर अफवा रुजत नाही, हे आमचं गृहीतक. आणि परवा संध्याकाळी मला ते माझ्या डोळ्यांनी दिसलं, अशी माझी खात्री झाली होती. फक्त तिच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं.

"रुखमाबाई," मी म्हटलं, "तुमची स्वतःची मुलगी सापडत नव्हती. तरी तुम्ही त्या परक्या पोरासाठी सूप घेऊन बसलात. त्याच्यावर एवढा विश्वास कसा ठेवलात?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी काहीतरी भलतंच बोलले असावे.

"इस्वास? कायचा इस्वास, डाक्टरीनबाई? मले त वाटून राह्यलं होतं का त्यानंच नेली."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? त्यानं नेली असती, अन् यायनं त्याले जागीच मारून टाकलं असतं, त माही पोरगी कुठं हाये थे मले कोनं सांगतलं असतं?"

एवढं बोलून तिनं पुढच्या बोंडाला हात घातला.

"क्या बोल रही हैं, मॅडम?" रवीनं बांधावरून विचारलं. क्षणभर वाटलं, जरा गोड करून सांगावं. पण ती बाई जे बोलली त्यात गोड करण्यासारखं काही नव्हतं, आणि कडू तर मुळीच नव्हतं. मी जसंच्या तसं हिंदीत सांगितलं.

तो म्हणाला, "परसों से सब बोल रहे हैं, तुम पर भरोसा था. ये अकेली सच बोली." त्यानं चपला बांधावर काढल्या, ओल्या मातीत उतरला आणि दोन ओळी ओलांडून जाऊन तिच्या पायांना हात लावला.

ती दचकून मागं सरली. "अरे बाप्पा," म्हणाली. मग हातातला कापूस ओटीत टाकला आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं.